मथळा एकाचा, तुरुंग दुसऱ्याचा



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "सर, यंदा जरा हलकंफुलकं होऊ द्या. मागच्या वेळी व्याख्यान संपेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या." मागच्या वेळचा वक्ता मीच होतो. [हशा] तेव्हा मी विषय सुचवला जुन्या मथळ्यांचा. वर्तमानपत्रांचे जुने मथळे आणि त्यांचे परिणाम. त्यांना वाटलं, वक्ता आता गमतीजमती सांगेल. सांगतो. पण सुरुवात एका कबुलीने करावी लागेल.

मी जवळजवळ बारा वर्षं पत्रकारितेच्या वर्गाला एक गोष्ट शिकवत आलो. तुम्हा सगळ्यांना ती पाठ आहे. १८९७ साल, पुण्यात प्लेग, रँडसाहेबांचे गोरे शिपाई घरात घुसून तपासण्या करताहेत, मग गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली जाते, सरकार बिथरतं, आणि 'केसरी'त टिळकांचा अग्रलेख येतो: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' मथळा वाचून सरकारचं डोकं आणखीच फिरतं आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी. इथे मी थांबायचो. दर वर्षी इथेच थांबायचो, आणि वर्गात जरा शांतता पसरली की मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

तेराव्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, खटल्याच्या कागदांत पंधरा जूनचा अंक आहे. हा अग्रलेख तर सहा जुलैचा. मग तुरुंगात कशामुळे गेले?"

मी तेच केलं, जे शिक्षक करतात. "चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बोलू." [हशा]

आता तारखा बघा. तारखा कंटाळवाण्या असतात, पण या प्रकरणात सगळी गंमत तारखांतच आहे. १२ ते १४ जून १८९७ या दिवसांत पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात प्राध्यापक भानू यांचं व्याख्यान झालं. अफझलखानाचा वध न्याय्य होता की नाही, हा विषय. टिळकांचंही भाषण झालं. मंगळवारी, १५ जूनला, 'केसरी'त या सगळ्याचा वृत्तान्त आला आणि त्याच अंकात 'शिवाजीचे उद्गार' नावाची एक कविताही आली. महाराज जागे होतात आणि देशाची दशा बघून हळहळतात, अशी कल्पना. खाली कवीचं नाव नाही, भवानी तलवारीची खूण अशा अर्थाची सही. बरोबर एक आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला गेले. मग ६ जुलैचा आपला लाडका मथळा. १३ जुलैला त्याचा धाकटा भाऊ: 'राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे'. २७ जुलैला टिळकांना अटक. १४ सप्टेंबरला शिक्षा.

आरोप कशाबद्दल? १५ जूनच्या अंकाबद्दल. त्या वृत्तान्ताबद्दल आणि त्या कवितेबद्दल. म्हणजे 'सरकारचे डोके' छापून आलं तेव्हा ज्याबद्दल शिक्षा व्हायची तो मजकूर तीन आठवडे जुना झाला होता. तोवर त्या अंकांचे पुण्यात पुडे बांधून झाले असतील. [हशा]

तर मंडळी, मी बारा वर्षं जे सांगत होतो त्यात मथळा खरा, शिक्षाही खरी, फक्त एकातून दुसरं झालं हे खोटं. आणि मी एकटाच नाही. शंभरेक लोकांना विचारून बघा. गणपतीच्या देखाव्यांत हेच आहे, एकपात्री प्रयोगांत हेच आहे, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तर आहेच आहे. असं का झालं असेल, हे मला आज तुमच्यासमोर तपासायचंय. कारण माझ्या मते हा निव्वळ तारखांचा घोटाळा नाही. चांगला मथळा काय काय गिळंकृत करू शकतो, त्याचा हा नमुना आहे.

आधी मथळा नीट वाचू. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' यात मोठा शब्द एकच, सरकार. बाकी सगळं स्वयंपाकघरातलं. भर पावसात छत्री न घेता निघालेल्या पोराला आई काय म्हणते? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हेच वाक्य उचलून टिळकांनी ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याच्या तोंडावर मारलं. पुण्यात जादा पोलीस आणून बसवले होते आणि त्याचा खर्च शहरावरच लादला होता. अँग्लो-इंडियन पत्रं सगळ्या शहराला कटवाले ठरवत होती. याला उत्तर द्यायला कोणी विद्वान 'नोकरशाहीच्या धोरणातील विसंगती' असा मथळा देऊन मोकळा झाला असता, आणि आज मला कोणी व्याख्यानाला बोलावलं नसतं. टिळकांनी सरकारला पोराच्या जागी उभं केलं. सरकार रागावलेलं परवडतं, पण ज्याला आई ओरडते ते सरकार उरत नाही, ते चिरंजीव होतं. [हशा]

शेवटी 'काय?' आहे, तेही बघा. आज वाहिन्यांवर प्रत्येक पट्टीच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं. अमुक नेता पक्ष सोडणार? तमुक नटीचं लग्न मोडणार? हे प्रश्नचिन्ह हेल्मेटसारखं असतं. उद्या खोटं निघालं तर आम्ही फक्त विचारलं होतं, असं म्हणता येतं. 'केसरी'च्या प्रश्नचिन्हाला असं काही संरक्षण नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर वाचणाऱ्याला आधीच ठाऊक होतं आणि लिहिणाऱ्यालाही ते लपवायचं नव्हतं.

इतका चांगला मथळा. आणि त्याच्या शेजारी इतकी मोठी शिक्षा. लोकांच्या स्मरणाने दोघांचं लग्न लावून टाकलं. खरी जी वधू होती, ती कविता, तिला कोणी विचारलं नाही. कविता सामान्य होती, हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. 'सरकारला खडसावलं म्हणून तुरुंगात गेले' ही गोष्ट सांगायला सोपी आहे. 'शिवाजी महाराजांवरच्या एका चर्चेचा वृत्तान्त छापला आणि एक निनावी कविता छापली म्हणून गेले' ही गोष्ट सांगायला गेलं की पुढचे प्रश्न येतात. इतिहासावरची चर्चा राजद्रोह कशी होते? आधी छापलेलं आणि नंतर घडलेलं यांचा संबंध कोण ठरवतो? संपादकाने न लिहिलेल्या ओळींसाठी संपादकाला किती जबाबदार धरायचं? हे प्रश्न आजही जिवंत आहेत, आणि म्हणूनच बहुधा आपल्याला पहिली गोष्ट जास्त आवडते.

त्या खटल्यात आरोपी दोन होते, हेही आपण विसरलो. बाळ गंगाधर टिळक आणि छापखान्याच्या बाजूने केशव महादेव बाळ. एकाचं नाव बाळ, दुसऱ्याचं आडनाव बाळ. ज्यूरीने एक बाळ आत घातलं आणि दुसरं सोडलं. [हशा] ज्यूरीत नऊ जण. सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. बेरीज कशी झाली हे सांगायला गणिताचा शिक्षक नको.

आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची. यांच्यावर खरं तर एक विनोदी नाटक व्हायला हवं. कायद्याचं कलम १२४-अ, त्यात गुन्हा काय, तर सरकारविषयी 'डिसअफेक्शन' निर्माण करणं. कायद्याच्या मराठीत त्याला अप्रीती म्हणतात. स्ट्रॅचीसाहेबांनी ज्यूरीला समजावलं की या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारचा द्वेष करणं तर गुन्हा आहेच, पण सरकारवर नुसतं प्रेम नसणं हेसुद्धा त्याच पोतडीत. आता मला सांगा, महानगरपालिकेवर तुमचं प्रेम आहे का? [हशा] हात वर करू नका, हे सगळं ध्वनिमुद्रित होतंय.

हसताय, पण या व्याख्येवर तेव्हाच्या विलायती कायदेपंडितांनीही भुवया उंचावल्या. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलमच बदललं आणि त्यात द्वेष, तुच्छता हे शब्द घातले. कलम सौम्य झालं म्हणता? छे, रुंद झालं. म्हणजे त्या सामान्य कवितेचा खरा परिणाम बघायचा असेल तर तो कायद्याच्या पुस्तकात बघावा लागतो.

आता १९०८ कडे येऊ. कारण तिथे हीच गंमत उलटी होते.

मुझफ्फरपूरला ३० एप्रिलला बॉम्ब फुटला. लक्ष्य होतं एक मॅजिस्ट्रेट, मेल्या दोन निरपराध बायका. १२ मेच्या 'केसरी'त अग्रलेख आला, मथळा 'देशाचे दुर्दैव'. ९ जूनला दुसरा, 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. वाचा हे दोन मथळे, मोठ्याने वाचा. पहिला शोकसभेतला आहे. कोणीही कोणाच्याही मृत्यूवर लिहावा असा. दुसरा तर भांड्यांच्या दुकानातला. टिकाऊ हा शब्द आपण कशाला वापरतो? चपलेला, सतरंजीला, कुकरच्या रिंगेला. त्याच जूनमध्ये सरकारने स्फोटकांचा आणि वृत्तपत्रांना आवळणारा, असे दोन कायदे घाईने केले. त्या दडपशाहीला टिळक म्हणतात, अहो, हा माल टिकणारा नाही. गिऱ्हाईक जसं दुकानदाराला शांतपणे सांगतं, तसं.

या दोन सौम्य मथळ्यांना शिक्षा किती? सहा वर्षं काळं पाणी आणि वर हजार रुपये दंड. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सणसणीत मथळ्यावर आरोपसुद्धा ठेवला नव्हता, आणि 'टिकाऊ नाहीत' म्हटलं तर मंडाले. मथळ्याचा आवाज आणि शिक्षेची लांबी यांचं काही प्रमाण असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन खटले शेजारी ठेवून वाचावेत.

खालचा मजकूर जहाल होता ना, असं कोणी म्हणेल. होता. बॉम्ब वाईट, पण तो लोकांच्या हातात आला त्याला सरकारचा हट्ट कारण आहे, हा त्याचा रोख होता. पण ज्यूरीने तो मजकूर वाचला नाही, ज्यूरीने त्याचं भाषांतर वाचलं. सात युरोपियन, दोन पारशी. मराठी अग्रलेख त्यांच्यापुढे इंग्रजीत उभा केला गेला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, दिवसच्या दिवस बोलले, आणि त्यातला केवढा तरी भाग शब्दांवर खर्च केला. या मराठी शब्दाला तुम्ही दिलाय तो इंग्रजी अर्थ नाही, हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मला तो भाग वाचताना नेहमी वाटतं, मराठी समीक्षेचं इतकं महागडं व्याख्यान दुसरं झालं नसेल. बोलणाऱ्याला त्याचं मानधन सहा वर्षं मिळालं. [हशा] निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्री. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस.

इथे दोन पात्रं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८९७ मध्ये टिळकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बॅरिस्टरांत एक होते दिनशा दावर. त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता. १९०८ मध्ये टिळकांना जामीन मिळावा म्हणून अर्ज केला तरुण बॅरिस्टर जिनांनी. न्यायासनावर कोण? न्यायमूर्ती दावर. अर्ज फेटाळला. खटलाही त्यांच्यापुढेच चालला आणि सहा वर्षांची शिक्षा त्यांनीच दिली. दुसरं पात्र याहून मजेशीर. १८९७ च्या शिक्षेविरुद्ध लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपिलाची परवानगी मागायला टिळकांच्या वतीने उभे राहिले अॅस्क्विथ. परवानगी मिळाली नाही. अकरा वर्षांनी टिळक मंडालेच्या वाटेला लागले तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान कोण होते? अॅस्क्विथ! आपलाच जुना वकील पंतप्रधान, आपलाच जुना वकील न्यायमूर्ती, आणि आपण काळ्या पाण्यावर. यावर मथळा द्यायला सांगितला तर मला अजून सुचलेला नाही.

टिळक तेव्हा मुंबईत सरदारगृहात पकडले गेले. आले होते कशाला? 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना राजद्रोहाखाली पकडलं होतं, त्यांच्या खटल्याची व्यवस्था बघायला. दुसऱ्या संपादकाला सोडवायला आले आणि स्वतः अडकले. परांजप्यांना एकोणीस महिने झाले. त्यांची लेखणी वक्रोक्तीची. सरकारची अशी काही स्तुती करायचे की वाचणाऱ्याला हसू आवरू नये. सरकारी भाषांतरकारांची काय कुतरओढ होत असेल! उपरोधाचं भाषांतर केलं तर राहते नुसती स्तुती, आणि स्तुतीबद्दल खटला कसा भरणार? पण भरला. म्हणजे सरकारला मराठी विनोद कळत होता, हे मान्य करायला हवं. [हशा]

शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. सहा वर्षांचे सहा दिवस, असा हिशोब लोक लावतात. आता हे कामगार 'देशाचे दुर्दैव' वाचून पेटले होते का? त्यातल्या कित्येकांना वाचताही येत नव्हतं. ते पेटले एका माणसाला झालेल्या शिक्षेमुळे. मथळा त्यांच्यापर्यंत पोहोचला तो तुरुंगाच्या वाटेने.

आणि या मथळ्यांचा परिणाम संपला कुठे? तर अहमदाबादेत. १९२२ चा मार्च. 'यंग इंडिया'तल्या तीन लेखांबद्दल गांधीजींवर तेच कलम १२४-अ. त्यातल्या एका लेखाचा मथळा होता 'शेकिंग द मेन्स', म्हणजे सिंहाने आयाळ झटकणं. सिंह म्हणजे ब्रिटिश सिंह. गांधींसारख्या माणसाच्या मानाने चांगलाच दणदणीत मथळा. गांधींनी आरोप कबूल केला, आणि प्रीती ही काही कायद्याने उत्पन्न करता येणारी वस्तू नव्हे, अशा अर्थाचं बोलले. स्ट्रॅचीसाहेबांना पंचवीस वर्षांनी मिळालेलं उत्तर! न्यायाधीश ब्रूमफील्ड सभ्य गृहस्थ. शिक्षा किती द्यावी हा त्यांच्यापुढे प्रश्न. त्यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला आणि तेवढीच दिली, सहा वर्षं. म्हणजे 'हे उपाय टिकाऊ नाहीत' याचा सगळ्यात टिकाऊ परिणाम काय, तर एक भाव ठरून गेला. राष्ट्रीय नेत्याला सहा वर्षं. आणि ते कलम? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली त्याचा वापर थांबवायला सांगितलं, २०२४ साली जुनी दंडसंहिताच गेली. नव्या संहितेत त्याच वळणाचं काही आहे की नाही, यावर वकील मंडळी भांडताहेत. त्यांना भांडू द्या. टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र टिळकांचा अंदाज जरा चुकला, असं म्हणावं लागतं.

मला कल्पना आहे, तुमच्यातले बरेच जण शिकागोची वाट बघताहेत. जुने मथळे म्हटलं की तो फोटो आलाच पाहिजे. अध्यक्ष ट्रुमन दोन्ही हातांनी वर्तमानपत्र वर धरून हसताहेत आणि त्यावर ठळक अक्षरांत, ड्यूईने ट्रुमनला हरवलं. नोव्हेंबर १९४८, 'शिकागो डेली ट्रिब्यून'. निवडून आले होते ट्रुमन. मजा अशी की ही चूक संपादकाच्या डोक्यात जितकी झाली तितकीच छापखान्यात झाली. खिळे जुळवणाऱ्या कामगारांचा संप चालू होता. पानं एरवीपेक्षा काही तास आधी तयार करावी लागत होती. मतमोजणी सुरू होतेय न होतेय तोच मथळा ठरवावा लागला. सगळे जाणकार सांगत होते ड्यूई येणार, मग ड्यूई आला. दीडेक लाख प्रती निघाल्या. दोन दिवसांनी सेंट लुइस स्टेशनवर कोणीतरी तो अंक ट्रुमनच्या हातात दिला.

परिणाम काय? काही नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. जगातला सगळ्यात प्रसिद्ध चुकीचा मथळा, आणि त्याने जगाचं कणभर बिघडलं नाही. ट्रुमन अध्यक्ष होतेच, राहिले. म्हणून तर आपण निर्धास्त हसतो. चुकीचा मथळा विनोदी व्हायला अट एकच, त्याने कोणाचं वाकडं झालेलं नसावं. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकाने टायटॅनिकचे सर्व प्रवासी वाचल्याचा मथळा दिला होता. तो अंक हातात धरून कोणी हसत फोटो काढलेला नाही.

आपल्याकडची अशी चूक वर्तमानपत्राची नाही, थेट सरकारची आहे. २२ मार्च १९७९. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात. पंतप्रधान मोरारजी देसाई लोकसभेत उभे राहिले आणि जयप्रकाशजी गेल्याचं सांगितलं. सभागृह तहकूब. आकाशवाणीवर बातमी. शाळा बंद, दुकानं बंद. आणि जेपी रुग्णालयात जिवंत. ते गेले त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये. मार्चमधली बातमी त्यांच्या कानावर गेली तेव्हा ते हसले, असं सांगतात. बहुधा त्या दिवशी देशात हसू शकणारे ते एकटेच असतील.

या चुकीच्या शेजारी मला एक जुनी चूक ठेवायचीय. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं दीडेक वर्षांची पोरं होती तेव्हाची. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना दिवाण बर्वे छळतात, अशा अर्थाचा मजकूर दोन्ही पत्रांनी काही पत्रांच्या आधारावर छापला. ती पत्रं बनावट निघाली. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक, दोघंही सव्विशीतले. १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली, प्रत्यक्षात एकशे एक दिवस भरले. इथे मी या दोघांची बाजू घेणार नाही. कागद खरे की खोटे हे न पाहता छापणं ही चूकच, मग छापणारा टिळक असो की आगरकर. पण पुढचं वर्ष संपता संपता तेच महाराज अहमदनगरला, त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मेले. म्हणजे पुरावा खोटा होता, काळजी खरी होती. याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. वर्गात मी हा प्रश्न दर वर्षी टाकतो आणि दर वर्षी अर्धा तास आरडाओरडा होतो.

आगरकरांनी मात्र बाहेर येऊन जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'. आहाहा! मला विचाराल तर एकोणिसाव्या शतकातला हा सर्वांत चांगला मराठी मथळा. ना हुतात्मा, ना यातना, ना बलिदान. दिवस मोजून दिलेत, जणू काही मंडळी महाबळेश्वरला जाऊन आली. आणि त्यातला 'आमचे' हा शब्द! पुढे त्या दोघांचं काय बिनसलं ते माहीत असलेल्याने तो शब्द वाचावा आणि गप्प बसावं.

अत्र्यांच्या 'मराठा'बद्दल तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि संयोजकांनी पुन्हा बोलावलं तर बघू. [हशा] त्याऐवजी एक अगदी छोटा मथळा सांगतो, इतका छोटा की तो मथळाच नव्हता. आणीबाणी लागली, जून १९७५ चा शेवट. सेन्सॉर बसलेला. पहिल्या पानावरचा प्रत्येक मथळा तपासून जात होता. त्या दिवसांत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत निधनवार्तांच्या स्तंभात एक जाहिरात आली. पैसे भरून, रीतसर. ओक्रसी नावाचे कोणी गृहस्थ, आद्याक्षरं डी. ई. एम., २६ जूनला वारले. पत्नीचं नाव टी. रूथ. मुलगा एल. आय. बर्टी. मोठ्याने उच्चारलं की कळतं कोण मेलं, पत्नी कोण आणि मुलगा कोण. सेन्सॉरला कळलं नाही, कारण तो मथळे वाचत होता. निधनवार्ता कोण वाचतं? म्हातारी माणसं. आणि म्हाताऱ्या माणसांनी त्या दिवशी ती बरोबर वाचली.

वेळ झालीय, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. शेवटी त्या मुलीचं सांगतो, कारण तुमच्यातला कोणीतरी विचारेलच. पुढच्या तासाला मी वर्गात सगळ्या तारखा फळ्यावर लिहिल्या आणि बारा वर्षं चुकीचं शिकवलं हे कबूल केलं. ती म्हणाली, "सर, मग आधीच्या बारा बॅचना कळवणार का?" [हशा] त्यातले निम्मे आज वर्तमानपत्रांत उपसंपादक आहेत.

मग मी प्रायश्चित्त म्हणून याच विषयावर एका तालुक्याच्या गावी व्याख्यान दिलं. तासभर घसा फोडून सांगितलं, 'सरकारचे डोके' या अग्रलेखाबद्दल टिळकांना शिक्षा झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका दैनिकात तीन कॉलमी बातमी आली, माझ्या फोटोसकट. मथळा होता, "'सरकारचे डोके...'मुळेच टिळकांना तुरुंगवास". खाली माझं नाव.

मी फोन केला. उपसंपादकाने ओळखलं, माझाच विद्यार्थी निघाला, चौथ्या का पाचव्या बॅचचा. म्हणाला, "सर, तुमच्या वाक्यातला 'नव्हती' कॉलमात बसत नव्हता."